डाएट केल्यावर चरबीच्या पेशींचं नेमकं काय होतं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून वजन कमी करण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, शेवटी अपवाद. एकाच गोष्टीचा उल्लेख दोन ठिकाणी येत असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधं चालू असतील, तर आहारात कुठलाही बदल करण्यापूर्वी प्रश्न २० वाचा.

१. वजन उतरलं म्हणजे चरबीच्या पेशी मेल्या ना? मग त्या पुन्हा येतात कुठून?

मरत नाहीत, आकसतात. चरबीची पेशी म्हणजे एक पातळ पडदा आणि आत तेलाचा एक मोठा थेंब. पेशीचं केंद्रक त्या थेंबामुळे एका कडेला दाबलं गेलेलं असतं. डाएटमध्ये हा थेंब लहान होतो, पेशी मात्र जागेवरच राहते. कापूस काढून घेतलेलं पोतं जसं घडी होऊन कोपऱ्यात पडून राहतं, तसंच.

याचा पुरावा २००८ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दिला. पोटाची शस्त्रक्रिया करून भरपूर वजन घटवलेल्या लोकांच्या पेशी त्यांनी आधी आणि दोन वर्षांनी मोजल्या. पेशींचा आकार खूप घटला होता, पण संख्या तेवढीच होती. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सर्गी कार्बनचा माग काढून त्यांनी पेशींचं वयही काढलं. दरवर्षी साधारण १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. बारीक माणसातही हेच घडतं आणि जाड माणसातही.

आकाराचा हिशेबही पाहून ठेवा. पेशीचा व्यास फक्त २० टक्के घटला, तरी तिच्यात मावणारी चरबी जवळपास निम्मी होते. शरीर इतकं बदललेलं दिसतं आणि तरी एकही पेशी कमी झालेली नसते, ते त्यामुळे.

२. कोणाच्या अंगात किती पेशी असणार हे कधी ठरतं?

बरंचसं बालपणी आणि किशोरवयात. विशीच्या आसपास संख्या स्थिरावते. मोठ्या माणसात ती काही हजार कोटींच्या घरात असते आणि लहानपणापासून जाड असलेल्यांत बारीक माणसाच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते.

पण मोठेपणी पेशी मुळीच वाढत नाहीत, असंही नाही. वजन वाढू लागलं की आधी असलेल्या पेशी फुगतात. भरपूर वाढलं आणि तसंच राहिलं तर नव्याही तयार होतात. मांड्या-नितंबांकडे नव्या पेशी लवकर बनतात. पोटाच्या कातडीखाली असलेल्याच पेशी फुगण्याकडे कल असतो.

म्हणून शाळकरी मुलाचं वजन जास्त असेल तर त्याला उपाशी ठेवू नका. उंची वाढत असताना वजन फक्त थोपवून धरलं, तरी पुष्कळ साधतं. शाळेबाहेरचे वेफर्सचे पुडे, कोल्ड्रिंक आणि रात्री उशिरा मोबाईल बघत खाणं, एवढं आधी बंद करा.

३. चरबी शरीरातून बाहेर जाते कुठून? घामातून, की शौचातून?

बहुतेक सगळी श्वासातून. अन्न कमी पडलं की रक्तातलं इन्सुलिन उतरतं, ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा जोर वाढतो आणि पेशीतली विकरं ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठलेल्या चरबीचे रेणू, तोडू लागतात. एका रेणूतून तीन फॅटी ॲसिड आणि एक ग्लिसरॉल सुटतं. फॅटी ॲसिड रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटून स्नायू, हृदय आणि यकृताकडे जातात आणि तिथे जळतात. ग्लिसरॉल यकृतात जातं.

जळून उरतं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. १० किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. त्यासाठी सुमारे २९ किलो ऑक्सिजन लागतो. म्हणून जोरजोरात श्वास घेतला तर वजन उतरेल, असं मात्र नाही. आधी चरबी जळावी लागते आणि ती स्नायू कामाला लागले तरच जास्त जळते.

घामाचे पट्टे, प्लास्टिकचा कोट घालून धावणं, भुसावळच्या मे महिन्यात दुपारी चालणं, यांनी काट्यावर किलोभर कमी दिसेल. ते पाणी असतं आणि दोन तांबे प्यायलं की परत येतं. ४५ अंशांच्या उन्हात हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

४. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले, दुसऱ्यात काहीच नाही. डाएट बंद पडलं का?

नाही. ते तीन किलो बहुतेक पाण्याचे होते. यकृत आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजन म्हणतात. तो प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भाकरी-भात कमी केला की साठा उतरतो आणि पाणी सुटतं. मीठ कमी झालं असेल तर आणखी थोडं.

चरबीचं गणित संथ आहे. एक किलो शरीरचरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरीची तूट ठेवली तर एक किलो जायला जवळपास १५ दिवस लागतात. तेवढ्या काळात पाण्यामुळे काटा एक-दीड किलो वर-खाली होतो आणि खरी घट त्यात झाकली जाते. बायकांमध्ये पाळीच्या आधी हे जास्त जाणवतं. रोज काट्यावर चढायचंच असेल तर सकाळी, पोट साफ झाल्यावर चढा आणि आठवड्याची सरासरी काढा. आजचं वजन कालच्याशी जुळवू नका.

५. ५०० कॅलरी कमी करायच्या म्हणजे जेवणातून काय काढायचं? भाकरी सोडू का?

भाकरीला हात लावण्याआधी तेलाच्या डब्याकडे बघा. आपल्याकडे खरी गोम तर्रीत आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. दादर ज्वारीच्या ६० ग्रॅम पिठाची भाकरी साधारण २०० कॅलरीची असते. दोन चमचे तेल एका भाकरीहून भारी पडतं आणि पोट मात्र भरत नाही.

चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज जवळपास ३८ ग्रॅम तेल जातं, म्हणजे ३४० कॅलरी. तोच वापर ३ लिटरवर आणला तर माणशी रोज १३० ते १४० कॅलरी आपोआप कमी होतात आणि ताटातला एकही पदार्थ सोडावा लागत नाही.

बाकीच्या पदार्थांचे ढोबळ आकडे असे. हॉटेलातल्या एका प्लेट शेवभाजीत ५० ग्रॅम शेव धरली तर तिच्याच २७५ कॅलरी होतात. वरची तर्री धरून भाजी ५०० पार करते, पोळी वेगळी. ५० ग्रॅम पिठाची तळलेली बट्टी २५० च्या घरात जाते आणि वरण-बट्टीला कोणी एकावर थांबत नाही. त्यावर पुन्हा तूप. भरताचं वांगं स्वतः निरुपद्रवी आहे, शंभर ग्रॅमला २५-३० कॅलरी. त्यात पडणारं शेंगदाण्याचं तेल आणि मूठभर दाणे भरीत जड करतात. ३० ग्रॅम दाणे म्हणजे १७० कॅलरी. आमरस साखर न घालता वाटीभर, म्हणजे २०० ग्रॅम, १२० च्या आसपास. खापरावरची पुरणपोळी सोबत असेल तर हिशेब त्या पोळीचा करा, रसाचा नाही.

करून बघायचं असेल तर भरताला तेल चमच्याने मोजून घाला, भाजीची तर्री वरून काढून ठेवा, रात्रीची एक पोळी कमी करा आणि चहा दिवसात दोनदाच, अर्धा चमचा साखरेचा ठेवा. बहुतेकांचे ३०० ते ५०० इथेच निघतात. आखाजीला किंवा कानबाईच्या रोटांच्या दिवसांत मोजमाप करत बसू नका. सणाच्या दोन-चार जेवणांनी पेशी भरत नाहीत, उरलेल्या सव्वातीनशे दिवसांनी भरतात.

६. जळगावात राहून केळी बंद करायची का?

गरज नाही. मध्यम केळ्यात सुमारे १०० कॅलरी असतात. दिवसाला एक, जेवणाऐवजी किंवा व्यायामाआधी, चालतं. शुगर असेल तर अर्धं घ्या आणि फार पिकलेलं टाळा. केळ्याचे वेफर्स मात्र शंभर ग्रॅमला ५०० कॅलरीच्या वर जातात. ते फळ म्हणून मोजू नका.

७. फक्त पोटाची चरबी कमी करायची आहे. कोणता व्यायाम करू?

पोटाचे व्यायाम पोटाचे स्नायू मजबूत करतात. वरची चरबी निवडून जाळत नाहीत. स्नायूला लागणारं फॅटी ॲसिड सगळ्या शरीरातून रक्तावाटे येतं (प्रश्न ३). कुठून आधी निघेल हे लिंग, वय, आनुवंशिकता आणि पेशींवरचे ग्राहक रेणू (संप्रेरकांचा निरोप घेणारे) ठरवतात. बायकांच्या मांड्यांवरच्या पेशी ॲड्रेनलिनला दाद कमी देतात, म्हणून तिथली चरबी शेवटी हलते.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. आतड्यांभोवतीची आतली चरबी सहसा लवकर उतरते आणि रोगाला कारण होणारी तीच. म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास नेहमीसारखा सोडल्यावर मापा, पोट आत ओढू नका. भारतीय पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या वर गेलं तर धोका धरतात. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. बरेच जण पँट पोटाखाली घालतात.

८. माझं वजन ६२ किलो, दिसायला बारीक, तरी शुगर निघाली. चरबी तर नाही, मग कसं?

चरबी आहे, पण जागा चुकली आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांचा हा प्रकार जगापुढे मांडला: हातपाय बारीक, स्नायू कमी आणि त्याच वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा अंगात चरबी जास्त. आपल्याकडे कातडीखालच्या पेशींची साठवणक्षमता लवकर संपते असं मानलं जातं. त्या भरल्या की जास्तीची चरबी यकृत, स्वादुपिंड आणि स्नायूंत शिरते. यकृतात चरबी साचली की ते इन्सुलिनला जुमानत नाही आणि शुगर वाढते.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ पासूनच जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्यांचे आकडे २५ आणि ३० आहेत. तुमच्यासारख्याला पाच-सहा किलो उतरवूनही फरक पडू शकतो, पण स्नायू गमावून नव्हे. प्रश्न १३ वाचल्याशिवाय डाएट सुरू करू नका.

९. वजन उतरवल्याने टाइप २ मधुमेह जातो हे खरं का?

काहींचा शांत होतो. २०१७ साली जाहीर झालेल्या ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत, मधुमेह होऊन सहा वर्षं न झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना काही महिने रोज सुमारे ८५० कॅलरींचा द्रव आहार दिला. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय ताब्यात होती. १५ किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरणं हे त्याचं कारण मानलं जातं. वजन परत आलं की शुगरही परत येते. इतका कमी आहार घरच्या घरी करू नका; त्या चाचणीत गोळ्या पहिल्याच दिवशी देखरेखीखाली थांबवल्या होत्या.

१०. दहा किलो उतरल्यावर पूर्वीपेक्षा जास्त भूक लागते. मन कमजोर झालं का?

मनाचा दोष नाही. चरबीची पेशी ही साठ्याची जागा आहेच, शिवाय ती ग्रंथीही आहे. ती लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते आणि मेंदूला साठा किती आहे ते कळवते. १९९४ साली त्याचा शोध लागला. पेशी आकसली की लेप्टिन घटतं. खाणं एकदम तोडलं तर चरबी फारशी गेलेली नसतानाही काही दिवसांतच ते कोसळतं. मेंदू त्याला दुष्काळ समजतो.

२०११ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर लेप्टिन घटलं आणि भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलं. वर्षभरानंतरही ते पूर्ववत झालं नव्हतं. तेव्हा 'महिनाभरात सवय होईल' या आशेवर राहू नका. वर्षभर भूक जास्तच लागणार हे धरून जेवणाची आखणी करा. दर जेवणात डाळ किंवा दही असू द्या, ताटात काकडी-मुळा-मेथीचा घोळाणा आधी संपवा, ताक पातळ आणि भरपूर प्या. पिठलं-भाकरी पोटात जास्त वेळ टिकते. पोह्यांची बशी दीड तासात संपल्यासारखी वाटते.

११. डाएटने मेटाबॉलिझम कायमचा बिघडतो का?

मंदावतो. बिघडतो म्हणणं अति होईल. लहान शरीराला कमी इंधन लागणारच. शिवाय हिशेबापेक्षाही थोडी जास्त काटकसर शरीर करतं. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा ते विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. ते टोकाचं उदाहरण आहे. रोज तासन् तास व्यायाम आणि अतिशय कमी खाणं. हळूहळू दहा किलो उतरवणाऱ्यांत फरक यापेक्षा बराच लहान असतो.

व्यवहारात याचा अर्थ इतकाच: ८० किलोच्या वेळी ज्या ताटाने वजन उतरत होतं, ते ७२ ला थांबेल. तेव्हा आणखी उपाशी राहण्याऐवजी चालणं वाढवा.

१२. वजन परत वाढलं तर पेशी आधीपेक्षा जास्त होतात का?

आधीच्या वजनापर्यंतच गेलात तर सहसा नाही. रिकाम्या पेशीच आधी भरतात. त्याच्या पुढे गेलात तर प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे नव्या बनू शकतात.

दुसरी अडचण अलीकडे कळली. २०२४ साली झुरिकच्या शास्त्रज्ञांनी, वजन उतरवून दोनेक वर्षं झालेल्या लोकांच्या चरबीत कोणती जनुकं चालू-बंद आहेत ते तपासलं. पुष्कळ जनुकं लठ्ठपणाच्याच घडीत राहिली होती. उंदरांत त्यांना डीएनएभोवती लठ्ठपणाच्या खुणा टिकलेल्या दिसल्या आणि असे उंदीर चरबीयुक्त खाण्यावर पुन्हा लवकर वजन वाढवत होते. ही आठवण माणसात किती वर्षं टिकते, हे अजून ठरलेलं नाही. दरवर्षी १० टक्के पेशी बदलतात हे लक्षात घेता वजन जितकी वर्षं टिकवाल तितकं बरं, असा आमचा कयास.

म्हणून तीन महिन्यांचं डाएट आणि नंतर पूर्वीसारखं, ही योजनाच चुकीची. जेवढा वेळ उतरवायला लागतो, त्याच्या दुप्पट वेळ तिथेच थांबण्यासाठी राखून ठेवा. दोन किलो वाढले की लगेच हालचाल करा, आठ वाढेपर्यंत वाट पाहू नका.

१३. वजन उतरलं पण अंगात जोर राहिला नाही. काय चुकलं?

चरबीबरोबर स्नायू गेले. नुसतं कमी खाऊन उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा स्नायू आणि इतर ऊतींचा असतो. प्रथिनं कमी असतील आणि जोर लावून व्यायाम नसेल तर त्याहून जास्त.

मूत्रपिंडाचा आजार नसेल तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरा, म्हणजे ६५ किलोला ६५ ते ७८ ग्रॅम. शाकाहारी ताटात ती आपोआप येत नाहीत. वाटीभर वरण (३० ग्रॅम डाळ) ६ ते ७ ग्रॅम. दादरची भाकरी ६ ग्रॅम. ज्वारीत पाचवा हिस्सा उडीद घालून केलेली कळण्याची भाकरी साडेसात-आठ ग्रॅम. ग्लासभर दूध ६, एक अंडं ६, ५० ग्रॅम कोरडे हरभरे किंवा मटकी भिजवून केलेली उसळ १० ते ११. उडदाचं घुटं घट्ट करा. पातळ आमटीत डाळ थोडी आणि तेल जास्त असं होतं.

आठवड्यातून किमान दोनदा स्नायूंना ताण द्या: खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याचे डबे उचलणं. शेतात काम करणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम सांगायची गरज बहुधा नसते, पण दुकानात गल्ल्यावर दहा तास बसणाऱ्याला असते. उतरलेलं वजन टिकवायला आठवड्याला २०० ते ३०० मिनिटं चालणं लागतं. उन्हाळ्यात ते सकाळी सातच्या आत उरका.

१४. श्रावणातले उपवास किंवा १६ तासांचा उपवास केला तर पेशी लवकर रिकाम्या होतात का?

उपाशी तासांत इन्सुलिन कमी असतं आणि पेशीतून चरबी जास्त सुटते, हे खरं. पण जेवल्यावर पेशी परत भरतात. २४ तासांची एकूण तूट सारखी असेल तर १६ तासांचा उपवास आणि तीन वेळचं मोजकं जेवण यांत फारसा फरक निघालेला नाही. ज्याला रात्रीचं चरणं बंद करायचं आहे त्याला तो सोयीचा.

आपला उपवास बहुधा उलटाच असतो. १०० ग्रॅम कोरडा साबुदाणा ३५० कॅलरीचा, त्यात दाण्याचा कूट आणि तूप, प्रथिनं नावापुरती. भगर, दही, राजगिरा आणि फळं त्यापेक्षा बरी.

१५. लायपोसक्शनने (नळीने चरबी ओढून) पेशीच काढल्या तर प्रश्नच मिटला ना?

त्या जागेपुरता. डाएट पेशी काढत नाही, लायपोसक्शन काढतं. पण २०११ च्या अमेरिकन अभ्यासात बायकांच्या मांड्या आणि खालच्या पोटावरून काढलेली चरबी वर्षभरात भरून निघाली, आणि ती मुख्यतः पोटाकडे आली, मांड्यांवर नाही. २००४ साली जाड बायकांच्या पोटावरून दहा किलोच्या आसपास चरबी काढूनही इन्सुलिनचं काम सुधारलं नाही, कारण निघाली ती कातडीखालची. आतल्या पेशी होत्या तशाच फुगलेल्या राहिल्या. हा घाट बदलण्याचा उपाय आहे, शुगर-बीपीचा नाही.

१६. वजनाची इंजेक्शनं पेशींवर काम करतात का?

मुख्यतः मेंदूतल्या भुकेवर आणि जठराच्या गतीवर. पेशी रिकाम्या होतात त्या कमी खाल्ल्यामुळे, डाएटमध्ये होतात तशाच. म्हणूनच त्यांपैकी सेमाग्लुटाइड हे इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश हिस्सा परत आल्याचं चाचणीत दिसलं. प्रश्न १० आणि १३ मधल्या सूचना इथेही लागू. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका.

१७. झटपट उतरवलं तर काय बिघडतं? केस का गळतात?

केस दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. कमी अन्नाचा ताण पडला की बरीच केसमुळं एकदम विश्रांतीत जातात. प्रथिनं आणि लोह नीट झालं की सहसा सहा महिन्यांत भरून येतात.

पित्ताशयातले खडे जास्त गंभीर. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त उतरू लागलं की पेशींतून सुटलेलं कोलेस्टेरॉल पित्तात साचतं. जेवणात तेल-तूप अजिबात नसेल तर पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं आणि खडे धरतात. म्हणून शून्य तेलाचा हट्ट नको. दिवसातल्या एका जेवणात तरी दोन छोटे चमचे तेल किंवा तूप असू द्या. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येऊन पाठीकडे गेली तर सोनोग्राफी करा. तिला 'गॅस' म्हणून सोडा पिऊन दाबू नका.

१८. आयुष्यभर कपाशीवर फवारणी केली. चरबीत साठलेलं विष डाएटमध्ये रक्तात येतं का?

हा प्रश्न रास्त आहे. डीडीटी आणि बीएचसीसारखी जुनी क्लोरीनयुक्त कीटकनाशकं चरबीत विरघळून वर्षानुवर्षं राहतात. पेशी रिकामी होऊ लागली की त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, हे मोजलं गेलं आहे. शेतीतला डीडीटीचा वापर भारतात १९८९ साली आणि बीएचसी १९९७ साली बंद झालं. एंडोसल्फानवर २०११ साली बंदी आली. आज वापरात असलेली बहुतेक औषधं अशी साठून राहत नाहीत. त्यांचा धोका फवारताना अंगावर उडण्याचा आणि श्वासातून जाण्याचा आहे.

यासाठी वजन कमी करणं टाळू नका. त्याचे फायदे मोठे आहेत. फक्त वेग आठवड्याला अर्ध्या ते पाऊण किलोवर ठेवा. अंगावर दूध पाजणाऱ्या बाईने मात्र कडक डाएट करू नये, कारण ही द्रव्यं दुधातून बाळाकडे जातात.

१९. पीसीओडी आहे, पाळी चुकते. चरबी कमी केल्याने फरक पडेल?

बहुतेकींना पडतो. ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी पुष्कळजणींची पाळी नियमित होते, कारण इन्सुलिन उतरलं की अंडाशयात पुरुषी संप्रेरक कमी बनतं. इथे एक सावधगिरी हवी: पाळी येण्याआधी बीज सुटतं. इतकी वर्षं दिवस राहिले नाहीत म्हणून निर्धास्त राहिलेल्या बाईला याच काळात अचानक दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर साधन वापरा.

उलटही घडतं. आधीच बारीक असलेल्या मुलीने फार कमी खाल्लं तर लेप्टिन घटून पाळी बंद पडते. तीन महिने आली नाही तर डाएट थांबवा आणि डॉक्टरांना भेटा.

२०. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत. डाएट सुरू करू का?

करा, पण आधी गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण कमी केलं तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, गोंधळ. लगेच तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या, लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. भाकरी-भात अगदी बंद केला किंवा कडक उपवास धरला तर चरबी इतक्या वेगाने सुटते की रक्तात आम्ल साचतं, आणि तेव्हा शुगर फारशी वाढलेलीही नसते. मळमळ, उलटी, पोटदुखी, खोल श्वास जाणवला तर ग्लुकोमीटरवर विसंबू नका, दवाखाना गाठा.

बीपीची गोळी पूर्वीच्या वजनासाठी ठरवलेली असते. वजन उतरल्यावर उठताना अंधारी येऊ लागली तर डोस जास्त होतो आहे. एप्रिल-मेमध्ये हे विशेष होतं. गर्भारपणात वजन उतरवण्याचं डाएट करूच नये.

२१. दंडावर चरबीच्या गाठी आहेत आणि आईच्या पायांवरची चरबी डाएटने हलतच नाही. असं का?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कातडीखाली हलणारी, मऊ, न दुखणारी गाठ बहुधा लायपोमा असते. तिच्यातल्या पेशी शरीराच्या हिशेबाबाहेर वागतात. डाएटने ती लहान होत नाही, उलट आजूबाजूची चरबी गेल्यावर जास्त उठून दिसते. त्रास नसेल तर राहू द्या. पाच सेंमीपेक्षा मोठी, झपाट्याने वाढणारी, कडक किंवा खोलवर रुतलेली असेल तर सर्जनला दाखवा.

आईंचे दोन्ही पाय सारखेच जाड, दाबल्यावर दुखणारे, पटकन काळे-निळे होणारे असतील आणि पावलं मात्र बारीक राहिली असतील, तर तो लिपेडिमा असू शकतो. तो जवळजवळ फक्त बायकांत होतो आणि बऱ्याचदा वयात येताना, बाळंतपणात किंवा पाळी जाताना सुरू होतो. कंबर-चेहरा उतरतो, पाय तसेच राहतात, आणि घरचे म्हणतात ही चोरून खाते. तिथे डाएटचा उपयोग वरचं वजन आटोक्यात ठेवण्यापुरता. पायांसाठी मापाचे दाब-मोजे आणि चालणं किंवा पोहणं यांनी दुखणं कमी होतं. पावलंही सुजली असतील, किंवा एकच पाय सुजला असेल, तर तो लिपेडिमा नव्हे. हत्तीरोग, शिरेतली गुठळी किंवा हृदय-मूत्रपिंडाची तपासणी आधी करून घ्या; एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी.